हात दुखला पाहिजे

बटाटा जमिनीत तयार झाला की त्याला थांब म्हणता येत नाही. जरा ओल लागली, हात चार दिवस उशिरा लागला, की तो आतल्या आत सडायला लागतो आणि वरून शेत मात्र शहाण्यासारखं गप्प पडून असतं. थंडीच्या तापाचंही तसंच. दोघं दरवर्षी एकाच सुमाराला गावात यायचे, आणि गावाला दोघांनाही त्याच हातांनी उरकावं लागायचं.

मागच्या थंडीत ताप जिंकला. काढणीची टोळी घरोघर अंथरुणाला खिळली, खालच्या अंगाची शेतं तशीच राहिली आणि त्या सडक्या वासानं गाव महिनाभर नाक धरून बोलत होतं. टोळीची मुकादमबाई तर शहराच्या मोठ्या दवाखान्यात नाकाला नळी लावून पडली होती. दमा तिला जुनाच होता. तिथून परतली ती अर्धी होऊन. आवाज तेवढा पूर्ण घेऊन आली.

तिला घरी सोडताना डॉक्टर म्हणाले होते, "पुन्हा असा ताप आला तर ही छाती झेलायची नाही. लस घ्यायला हवी होती. घरात कुणी सांगितलं नाही का?"

"सांगितलं होतं की," मुकादमबाई म्हणाली. "मी म्हटलं, पाय मुरगळून घरात बसलेल्या बाईला ताप कुठून येणार?"

 खाटेच्या पायथ्याशी पिशव्या आवरत उभ्या असलेल्या तिच्या सुनेकडे याचं उत्तर होतं. पण तिला कुणी विचारलं नाही, आणि तिनंही पिशव्यांकडेच लक्ष दिलं.

ही सून गावच्या उपकेंद्रात आरोग्यसेविका होती. गाव तिला सुईताई म्हणायचं. हात इतका हलका, की रडायला तोंड उघडलेलं पोर तोंड तसंच ठेवून विचारात पडायचं, आता रडू की नको. उजव्या खांद्याला बर्फाची निळी पेटी, पायात रबरी बूट, आणि दारोदार एकच पाठ केलेलं बोलणं: "काही होत नाही. एक दिवस दंड दुखेल. दुसऱ्या दिवशी त्या हातानं ओझं उचलू नका." हे ती इतक्या वेळा बोलली होती, की नवऱ्याला जेवायला वाढतानाही एकदा "काही होत नाही" म्हणून गेली होती.

घरात अशा दोन सुया होत्या. एक सुनेची, पेटीतली. दुसरी सासूची, पोती शिवायचं वीतभर दाभण. टोळीतल्या बायका गमतीनं म्हणायच्या, त्या घरात भांडण झालं तर मध्ये कुणी पडू नये. भांडण होत नसे. मुकादमबाई भांडत नसे, बघत असे. आयुष्यभर तिनं बायकांकडून बटाटे काढून घेतले होते. कोण खरंच दमली आहे आणि कोण कंबर धरून सोंग करते आहे, हे ती बांधावरून नुसत्या खांद्यांवरून ओळखायची. त्यासाठी तोंडं बघत बसायची तिला गरज नव्हती. "तोंड काय, कसंही करता येतं," ती म्हणायची.

*

या वर्षी लस काढणीच्या आधी आली. आधी उपकेंद्रातल्या माणसांनी घ्यायची, मग म्हातारी माणसं आणि छातीचे रोगी, मग बाकीचे, असा वरून आदेश होता.

उपकेंद्रातल्या माणसांनी ती घ्यायची एक पद्धत होती. ती कुठे लिहिलेली नव्हती, म्हणून कटाक्षानं पाळली जायची. मागच्या खोलीचं दार लोटून घ्यायचं. बाही वर करायची. सुई कुंडीकडे वळवून लस कोरफडीच्या मुळाशी सोडायची. मग दंडावर कापूस दाबून, तोंड वाकडं करत बाहेर यायचं आणि बाकावर बसलेल्या माणसांसमोर जरा वेळ दंड चोळायचा. ती कोरफड चांगली पोसलेली होती. थंडीचा ताप तिला कधीच झाला नाही.

लस वाईट आहे असं त्यांच्यापैकी कुणाचंच म्हणणं नव्हतं. लोकांना देताना ती चांगलीच असायची; स्वतःकडे वळली की खात्याची व्हायची. आणि खातं म्हणजे ज्यानं सुईताईला ब्रेक नसलेली सायकल दिली ते. ज्यानं पाठवलेल्या तापमापकांत गावातला प्रत्येक जिवंत माणूस थंडगार निघाला ते. त्यात उपकेंद्र चालवणाऱ्या मोठ्या सिस्टरांचा अनुभव होता. त्यांनी एका वर्षी खरोखर लस घेतली होती आणि त्याच आठवड्यात त्या तापानं फणफणल्या होत्या. हा किस्सा त्या दरवर्षी सांगायच्या आणि दरवर्षी त्या तापाचा एक अंश वाढायचा. आता तो अशा जागी पोचला होता, की त्यातून माणूस वाचणं अवघड होतं. पण मोठ्या सिस्टर समोर धडधाकट बसून सांगत असल्यामुळे कुणी शंका काढत नसे.

"आपण रोज रोग्यांतच असतो," गोळ्या देणारे काका बाही खाली करत म्हणाले. "आपल्याला काय होतंय? आपलं अंग लोखंडाचं झालंय."

"गंजायला नको म्हणजे झालं," सुईताई म्हणाली आणि आपला कापूस दाबून बाहेर आली.

सवयीनं तिनं सोंग घरापर्यंत नेलं. संध्याकाळी चुलीपुढे बसताना डावा दंड धरला. "आज टोचून घेतली. भरून आलाय नुसता."

नवरा ट्रॅक्टर चालवायचा आणि बोलायचा ट्रॅक्टरपेक्षा कमी. तो उठला आणि त्यानं भांडी घासली. लग्नानंतर हे पहिल्यांदाच घडत होतं. सुईताईला वाटलं, ही लस वर्षातून दोनदा यायला हवी.

मुकादमबाई भिंतीला टेकून पोत्याला टाके घालत होती. "दुखतंय का फार?" तिनं विचारलं.

"दुखतंय हो आई. पण चालायचंच."

"बरं. उद्या माझी बारी."

*

सकाळी अंगणात दव इतकं होतं, की पोती ओली लागत होती. ट्रॉली दाराशी लावून नवरा खाली उतरायच्या आत सुईताईनं बियाण्याचं पोतं कवेत घेतलं, गुडघ्यानं वर ढकललं आणि डाव्या खांद्यावर टाकून तरातरा ट्रॉलीपाशी गेली. उजव्या खांद्याला पेटीच्या पट्ट्यानं घट्टा पडला होता, म्हणून ओझं ती नेहमी डाव्यावरच घ्यायची. आजही घेतलं. एक पोतं टाकलं, परत आली, दुसरं घेतलं.

मुकादमबाई उंबऱ्यावर बसून बूट घालत होती. एक बूट पायात आणि एक हातात, अशी ती थांबली. मग तिनं दुसरा बूट घातला, नाडी बांधली आणि काही न बोलता ट्रॉलीत चढली.

दुपारी पेटी घेऊन सुईताई शेतावर गेली. ट्रॅक्टरनं सऱ्या उकरून ठेवल्या होत्या, बायका उकिडव्या बसून पाट्या भरत पुढे सरकत होत्या. हाताच्या भेगांत माती गेली होती आणि तोंडातून वाफा निघत होत्या. तिला बघून सगळ्या उठल्या, कमरा सरळ केल्या, बांधावर आल्या. टोळीत एक ढोलकी होती. म्हणजे बाईच, पण सतत वाजत असल्यामुळे तिला सगळ्या ढोलकी म्हणत. ती म्हणाली, "चला गं, मुकादमबाईंचं झालं की आपलं. सुईताई, मला जरा मऊ सुई दे हं. मी नाजूक आहे."

सुईताईनं पेटी उघडली, सासूसमोर गुडघे टेकले. "आई, बाही वर करा. काही होत नाही. एक दिवस दंड दुखेल. दुसऱ्या दिवशी त्या हातानं..."

ती तिथेच थांबली. सासू तिच्याकडे बघत होती. तोंडाकडे नाही, डाव्या खांद्याकडे.

"ओझं उचलू नका," मुकादमबाईनं वाक्य पुरं केलं. "ऐकलंय मी. चला गं, सऱ्या उघड्या पडल्यात. बटाट्यांना ऊन लागतंय."

"आणि लस?" ढोलकीनं विचारलं.

"आज नाही."

मुकादमबाई नाही म्हणाली की टोळी कारण विचारत नसे. बायका एकेक करून सरीवर जाऊन बसल्या. पेटीचं झाकण लावताना सुईताईच्या हाताला बर्फ लागला, आणि तो हात बराच वेळ गार राहिला.

*

संध्याकाळी सासू परसात पाट्या धूत होती. सुईताई समोर जाऊन उभी राहिली.

"आई, डॉक्टर काय म्हणाले होते, आठवतं ना? तुमची छाती..."

"माझी छाती मला ठाऊक आहे."

"मग का हट्ट? सगळ्यांसमोर..."

"सगळ्यांसमोर काही बोलले का मी?" मुकादमबाईनं पाटी उपडी केली. "सकाळी दोन पोती डाव्या खांद्यावरून नेलीस. आदल्या रात्री त्याच हातासाठी माझ्या पोराकडून भांडी घासून घेतलीस. पोर माझं आहे, भांडी घासली त्याचं मला काही नाही. घासावीत. पण तू टोचून घेतलेली नाहीस."

सुईताईचा हात डाव्या दंडाकडे गेला आणि अर्ध्यातच खाली आला. 

"मागच्या वर्षीही नव्हती घेतलीस?"

"नाही."

"हं." म्हातारीनं दुसरी पाटी घेतली, घासायला लागली. घासता घासता म्हणाली, "मी महिनाभर उंबऱ्याबाहेर पाय टाकला नव्हता. पाय टाकण्याजोगाच नव्हता. घरात बाहेरून येणारी दोघंच. माझं पोर ट्रॅक्टरवर, एकटं. आणि तू. सगळ्या तापलेल्या घरांतून यायचीस आणि माझ्या उशाशी बसून पाय चोळायचीस. फार चांगले चोळायचीस."

हे बोलताना तिचा आवाज जराही चढला नाही. चढला असता तर सुईताईला बरं वाटलं असतं.

"तुम्हाला कळलं होतं?"

"नळी नाकात होती, डोक्यात नव्हती."

सुईताई तिथेच दगडावर बसली. हौदाच्या पाण्यात मातीचा गढूळ थर हळूहळू खाली बसत होता. नवरा आतून बाहेर आला, दोघींकडे बघितलं आणि आल्या पावली आत गेला.

"मग आता?" सुईताईनं विचारलं.

"आता काय. ज्या दिवशी तुझा हात दुखेल, त्या दिवशी माझा पुढे करीन. तोवर देवाच्या नाही, तुझ्या हवाली."

*

दुसऱ्या दिवशी खालच्या आळीत पहिला माणूस तापानं पडला. शेतावर ढोलकी दोनदा खोकली, आणि तिला खोकताना ऐकून सगळ्यांचे हात थांबले. मुकादमबाईनं तिला वाऱ्याच्या खालच्या बाजूची सरी दिली, एवढंच.

गावात आता कुणी बाही वर करेना. सुईताई दाराशी गेली की आतून आवाज यायचा, "मुकादमबाईंनी घेतली का?" नाही म्हटलं की दार हसून, अगदी प्रेमानं, बंद व्हायचं. पेटी जशी जायची तशी परत यायची. बर्फ तेवढा वितळलेला असायचा.

ती मोठ्या सिस्टरांकडे गेली. "सिस्टर, मला टोचा. खरी."

मोठ्या सिस्टर चहा पीत होत्या. त्यांनी कप बशीत ठेवला. "वेड लागलंय का तुला? एकीनं घेतली की सगळ्यांना घ्यावी लागेल. मग लोक म्हणणार, आजवर काय करत होता? मला एकदा काय ताप चढला होता, ठाऊक आहे ना?"

"ठाऊक आहे. गेल्या वर्षीपेक्षा थोडा जास्तच चढला होता."

"हे बघ, सासूला सांग माझा हात दुखतोय म्हणून. दोन दिवस ओझं उचलू नकोस. एवढं सोंग जमत नाही का?"

"तिच्यापुढे नाही जमत. ती तोंड बघतच नाही."

गोळ्या देणारे काका कपाटामागून म्हणाले, "मी तर म्हणतो, हे सगळं खात्यानं मुद्दाम..." पण खात्यानं मुद्दाम काय केलं हे त्यांनाही अजून ठरवता आलं नव्हतं, म्हणून ते थांबले.

सुईताई मागच्या खोलीच्या दाराशी आली, कुंडीपाशी जरा थांबली. कोरफडीची पानं जाड, टवटवीत, मनगटाएवढी. एवढी काळजी या गावात दुसऱ्या कुणाची घेतली गेली नव्हती. ती तशीच मागे वळली.

"सिस्टर, उद्या दुपारी निवडीच्या शेडवर याल? सगळी टोळी तिथे असणार आहे. तुमच्यासमोर लसीकरण व्हायला पाहिजे."

"टोळी तयार झाली?" मोठ्या सिस्टर उजळल्या. "आधी सांगायचं नाही का! फोटो काढून वर पाठवू."

*

निवडीची शेड म्हणजे पत्र्याचं छप्पर, तीन बाजूंना तरटं आणि मध्ये बटाट्यांचा ढीग. बायका ढिगाभोवती बसून मोठे, मध्यम, कापलेले असे वेगळे करत होत्या. मुकादमबाई दाभणानं पोती शिवत होती आणि मधूनमधून छातीवर मूठ ठेवून खोकला आतच जिरवत होती. सुईताईला तो ऐकू येत होता.

मोठ्या सिस्टर इस्त्रीच्या कपड्यांत आल्या. एक पिंप उपडं करून त्यांना बसायला दिलं. "चला, सुरुवात करू. पहिला नंबर मुकादमबाईंचा. फोटो कोण काढणार?"

"आधी माझा," सुईताई म्हणाली आणि पिंपासमोर पोत्यावर बसून डावी बाही वर करायला लागली.

"तुझं झालंय ना गं," मोठ्या सिस्टर हसल्या. हसतानाच डोळ्यांनी त्यांनी जे सांगायचं ते सांगितलं.

"नाही झालं." सुईताईचा आवाज बारीक निघाला. तिनं घसा साफ केला, आणि मग तो जरा जास्तच मोठा निघाला. "माझं झालेलं नाही. मागच्या वर्षीही नव्हतं झालं. मी कापूस दाबून बाहेर यायचे. लस कोरफडीला घालायचे."

ढिगावरून एक बटाटा सुटला, गडगडत आला आणि मोठ्या सिस्टरांच्या चपलेपाशी थांबला. 

ढोलकीला गप्प बसायचा सराव नव्हता. "म्हणजे आम्हाला टोचत होतीस ते काय?"

"ते खरं होतं."

"आम्हाला खरं आणि तुला खोटं? आम्ही काय बैल आहोत?"

"मला भीती वाटायची."

"सुईची? तुला?"

"खात्याची," सुईताई म्हणाली. मग जरा थांबून, "आणि थोडी सुईचीही."

आधी कोपऱ्यातली एक म्हातारी फिसकन हसली. मग तिच्या शेजारची. मग सगळी शेड हसायला लागली, पत्रा वाजेपर्यंत. त्या हसण्यात राग होता, आणि ते बराच वेळ चाललं. सुईताईचे कान लाल झाले, मान खाली गेली. पण बाही तिनं वरच ठेवली. थंडीनं दंडावर काटा उभा होता.

मुकादमबाई तेवढी हसली नाही. तिनं दाभण पोत्यात खोवलं, उठली, मोठ्या सिस्टरांपाशी आली. "टोचा, सिस्टर."

"अहो, पण असं सगळ्यांसमोर, शिस्त म्हणून काही..."

"फोटोही काढायचा होता ना?" मुकादमबाईनं पेटीतून कापूस उचलून आपल्या मुठीत धरला. "हा माझ्याकडे राहू द्या. आधी सुई. मग कापूस."

मोठ्या सिस्टरांनी सुई भरली. बायका ढीग सोडून उठल्या, भोवती कोंडाळं झालं. इतक्या डोळ्यांदेखत मोठ्या सिस्टरांनी कित्येक वर्षांत कुणाला टोचलं नव्हतं.  सुईताईनं हजारो दंड धरले होते, पण या टोकाला ती कधी बसली नव्हती. तिनं डोळे घट्ट मिटले आणि आपोआप, ओठांतल्या ओठांत म्हणाली, "काही होत नाही, काही होत नाही."

सुई गेली. आत जाताना दिसली, लस उतरताना दिसली, बाहेर येताना दिसली. एक लालबुंद ठिपका वर आला. मुकादमबाईनं वाकून तो नीट बघितला, बाजारात कापड बघतात तसा, आणि मगच कापूस दिला.

"झालं!" मोठ्या सिस्टर घाम पुसत म्हणाल्या. "आता तुमचा हात."

"आज नाही," मुकादमबाई म्हणाली. "उद्या सकाळी आमच्या अंगणात. हात बघून."

*

सकाळी अंगणात टोळी आधीच जमली होती. ढोलकीनं आळीतल्या बाकीच्यांनाही आणलं होतं. कुणी कठड्यावर बसलं होतं, कुणी ट्रॉलीच्या चाकावर. नवऱ्यानं ट्रॅक्टर चालू केला नव्हता. त्याच्या परीनं हा मोठाच समारंभ होता.

मध्ये एक भरलेलं पोतं.

सुईताई बाहेर आली. रात्री कूस बदलताना तिला कळलंच होतं, पण तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. सांगून काही उपयोग नव्हता. या घरात आता तिच्या तोंडाला किंमत उरली नव्हती, जी होती ती दंडाला.

"उचल," मुकादमबाई म्हणाली.

सुईताईनं पोतं कवेत घेतलं, गुडघ्यानं वर ढकललं, आणि डावा हात खांद्याच्या उंचीला येतो न येतो तोच, "आई गं!" पोतं धाडकन खाली. ती दंड धरून खाली बसली. डोळ्यांत टचकन पाणी.

मुकादमबाईनं तिच्या खांद्याकडे बघितलं. मग त्या कठड्यावरच्या, चाकावरच्या सगळ्या माणसांकडे वळून, जवळजवळ वर्षभरात काढला नव्हता एवढा आवाज काढला.

"दुखतोय! हिचा हात दुखतोय गं!"

अंगणात एकच गलका उठला. शिट्ट्या झाल्या. एका बाईचं दुखणं गावानं इतक्या आनंदानं क्वचितच साजरं केलं असेल. ढोलकीनं सुईताईला मिठी मारली, ती नेमकी डाव्या बाजूनं, आणि सुईताई पुन्हा ओरडली, आणि लोक पुन्हा खूश झाले.

मुकादमबाई पोत्यावर बसली. बाही वर केली. तिचा दंड वाळलेल्या फांदीसारखा, पण ताठ. "चल. दुखऱ्या हातानं देशील का नीट?"

"उजव्यानं देते आई मी. उजवा चांगला आहे."

"मग दे. आणि ते तुझं बोल की."

"काय?"

"काही होत नाही म्हणून. आज मला ते ऐकायचंय."

सुईताई म्हणाली. पहिल्या दोन शब्दांनंतर ती अडली, उरलेलं नवऱ्यानं पुरं केलं. त्यालाही पाठ होतं, हे त्या दिवशी कळलं.

त्यानंतर रांग लागली. ढोलकीनं मऊ सुई मागितली, नेहमीचीच मिळाली, आणि ती काही क्षण चक्क गप्प बसली. पेटी रिकामी झाली तसा नवरा सायकलवरून दुसरी आणायला गेला. सायकलला ब्रेक नसल्यामुळे लवकर पोचला.

दुसऱ्या दिवशी गावात एकही पोतं धड उचललं गेलं नाही. सासू-सून समोरासमोर उभ्या राहून एकेक पोत्याचा एकेक कान उजव्या हातानं धरायच्या आणि हेलकावा देऊन ट्रॉलीत टाकायच्या. दोघींत मिळून एक धड बाई होती. ती बरीच कामाची निघाली.

आणि उपकेंद्राचं फाटक. ते गंजून जड झालेलं, डाव्या बाजूला ओढून उघडायचं. मोठ्या सिस्टर आणि काका आता सांगत होते, आम्हीही कालच टोचून घेतली. ढोलकी आणि तिच्या मैत्रिणी सकाळी सहज तिकडून चालल्या होत्या. सहज चालताना त्या फाटकासमोर थांबल्या, आणि थांबून राहिल्या. मोठ्या सिस्टर आल्या, गोळ्या देणारे काका आले. दोघांनी डाव्या हातानं फाटक खाडकन ओढलं.

"फार छान उघडतंय हो," ढोलकी म्हणाली.

त्याच दुपारी मागच्या खोलीचं दार सताड उघडं ठेवून दोघांनी बाह्या वर केल्या. टोचायला सुईताई होती, कापूस मुकादमबाईच्या मुठीत होता. पुढच्या सकाळी फाटक उघडायला त्यांना दोघांना मिळून उजवे हात लावावे लागले आणि ते तरीही अर्धंच उघडलं. मोठ्या सिस्टरांना ताप आला नाही. याचं त्यांना जरा वाईटच वाटलं, कारण एवढ्या वर्षांचा किस्सा निकामी झाला.

*

ताप गावात आला. तो काही आदेश वाचून मागे फिरत नाही. खालच्या आळीत काही घरं पडली; ढोलकी दोन दिवस अंथरुणात वाजत राहिली. मुकादमबाईलाही कणकण आली, तीन दिवस छाती भरून राहिली. सुईताई तिच्या उशाशी बसून पाय चोळत होती आणि कान तिच्या श्वासाकडे लावून होती. चौथ्या दिवशी सकाळी अंथरूण रिकामं दिसलं. घाबरून ती धावत अंगणात आली, तर म्हातारी उंबऱ्यावर बसून बूट घालत होती. दोन्ही.

काढणी झाली. खालच्या अंगाची शेतंसुद्धा. एकही सरी जमिनीत राहिली नाही, आणि त्या महिन्यात गावाला नाक धरून बोलावं लागलं नाही. उपकेंद्राच्या मागच्या खोलीतली कोरफड मात्र जरा पिवळी पडली. काकांनी तिला पाणी घालायला सुरुवात केली. इतक्या वर्षांत तसं कधी कुणाला सुचलं नव्हतं.

शेवटची ट्रॉली भरली तेव्हा ऊन कलतं होतं. एकच पोतं उरलं होतं. मुकादमबाईनं त्याचा शेवटचा टाका घातला, सुतळी दातांनी तोडली आणि दाभण पदरात खोवलं.

"उचल."

सुईताईनं पोतं कवेत घेतलं, गुडघ्यानं वर ढकललं आणि डाव्या खांद्यावर टाकून तरातरा ट्रॉलीपाशी नेलं. वर नवऱ्यानं ते ओढून घेतलं. टोळीनं ओरडा केला. ट्रॅक्टर सुरू झाला.

मुकादमबाई तिच्या खांद्याकडे बघत होती.

"आता दुखत नाही?"

"नाही आई. अजिबात नाही."

"बरं," म्हातारी म्हणाली आणि कुणाचाही हात न धरता, एका दमात, ट्रॉलीवर चढून पोत्यांवर बसली. "मग पुढच्या थंडीत परत."